कोकण-गोव्याच्या दमट हवेत गेट आणि गॅरेज शटरची मोटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईपासून काणकोणपर्यंतच्या पट्ट्यात घराच्या गेटला किंवा गाडीच्या शटरला मोटर बसवायची असेल, तर कॅटलॉग उघडण्याआधी हे वाचा. प्रश्न विकत घेण्याच्या वेळचेही आहेत आणि दोन पावसाळे काढल्यानंतरचेही.

पुण्यात दहा वर्षं चालणारी मोटर किनाऱ्यावर दोन-तीन वर्षांत का जाते?

किनाऱ्यावर बंद पडलेली मोटर उघडली तर गिअर आणि वाइंडिंग बहुतेक वेळा शाबूत असतात. गेलेला असतो तो मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेटला टोकाला थांबवणारा लिमिट स्विच, मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर, नाहीतर एखादा हिरवा पडलेला कनेक्टर. कारण सोपं आहे. दिवसभर उन्हात झाकणाखालची हवा तापते, फुगते आणि फटींतून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की झाकण पटकन गार होतं आणि आतली हवा आकसून बाहेरची ओली हवा खेचून घेते. त्यातली वाफ थेट बोर्डवर थेंब होऊन बसते. हे रोज होतं, पाऊस झाकणात शिरला नाही तरी होतं.

त्यात खारा वारा. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तसंच बोर्डवर बसलेल्या मिठालाही सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती त्याच्या खाली क्वचितच येते. ते खारं पाणी बोर्डवरच्या तांब्याच्या दोन रेघांमध्ये विजेला चोरवाट करून देतं. म्हणून ‘किती किलोची मोटर’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न बोर्ड आणि पेटी कशी आहे हा.

सरकतं गेट, दोन झडपांचं गेट की शटर? मोटरच्या दृष्टीने कोणतं बरं?

जागा असेल तर सरकतं गेट. मोटर एकच लागते, ती ओट्यावर उचलून बसवता येते आणि वाऱ्याचा जोर गेटच्या चालीच्या दिशेने लागत नाही.

दोन झडपांच्या गेटला वारा हा खरा शत्रू. पत्रा मारलेली ६ फूट बाय ५ फुटांची झडप घ्या. ताशी ५४ किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण ३८ किलोचा जोर पडतो. तो बिजागरीपासून तीन फुटांवर लागतो, आणि मोटरचा दांडा तो खांबाजवळ वीतभर अंतरावरून अडवतो. त्यामुळे दांड्यावरचा ताण त्याच्या कितीतरी पट होतो. असं गेट करायचंच असेल तर पत्र्याऐवजी जाळी किंवा पट्ट्या ठेवा आणि बंद झाल्यावर धरून ठेवायला इलेक्ट्रिक लॉक घ्या.

जमिनीखाली बसणाऱ्या मोटरी दिसायला छान असतात. पण त्यांच्या खड्ड्यातलं पाणी आपोआप उताराला वाहून जाण्याची सोय नसेल, तर कोकणात त्या घेऊ नका. ‘आत पाणी शिरणार नाही’ या आश्वासनावर विसंबून तर मुळीच नको.

गाडीची जागा तीन बाजूंनी बंद असेल तर शटर उत्तम, कारण मोटर छताखाली कोरडी राहते. पॅनलचं, छताखाली सरकणारं दार गोव्यातल्या बंगल्यांत दिसतं. त्यात मोटरपेक्षा वरची पिळाची स्प्रिंग आणि तारेचे दोर आधी गंजतात. स्प्रिंग गॅल्व्हनाइज्ड किंवा पावडर कोटिंगची आणि दोर स्टेनलेसचे मागा. ती स्प्रिंग घरी सोडवू नका. तिच्यात साठलेला ताण हात मोडण्याइतका असतो.

किती किलोची मोटर घ्यावी?

आधी गेटचं वजन काढा. लोखंडी पत्र्याचं वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो. १२ फूट बाय ५ फुटांच्या गेटचं क्षेत्रफळ साधारण साडेपाच चौरस मीटर, म्हणजे १.६ मिमी पत्रा सुमारे ७० किलो. चौकटीचा आणि मधल्या उभ्यांचा ५० बाय ५० चा, ३ मिमी जाडीचा पाइप १५ मीटर लागला तर मीटरला सव्वाचार किलोच्या वर धरून आणखी ६५ किलो. चाकं, रॅक (मोटर जिला धरून गेट सरकवते ती दातेरी पट्टी), नक्षी धरून गेट दीडशे-पावणेदोनशे किलोच्या आसपास. याला ५०० किलोची मोटर भरपूर झाली.

वजनापेक्षा उपयोगाची आहे ती ओढून बघण्याची चाचणी. सामान तोलायचा हातकाटा गेटच्या कडेला अडकवा आणि गेट हळू, एकसारखं ओढा. चाकं आणि ती ज्यावर चालतात ती जमिनीवरची पट्टी ठीक असतील तर २०० किलोचं गेट पाच-सात किलोच्या ओढीवर चालतं. काटा १५ च्या पुढे गेला तर मोटर मोठी करू नका, चाकं बदला. जड ओढीला मोठी मोटर लावली की गेट चालतं खरं, पण अडथळा ओळखायची सेटिंग बोथट ठेवावी लागते. मग मूल किंवा गाडी मध्ये आली तरी ते थांबत नाही.

शटरला कोणती मोटर?

लोखंडी १८ गेजच्या शटरचं वजन पट्टीच्या वळणांसकट चौरस मीटरला साधारण १२-१३ किलो येतं. १० फूट बाय १० फुटांचं शटर म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. त्याला ३०० किलोची, शटरच्या बाजूला बसणारी साइड मोटर, हाताने ओढायच्या साखळीसकट. लहान, हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या शटरला नळीतली ट्युब्युलर मोटर चालते. पण ती सलग चार मिनिटांच्या आसपास चालल्यावर तापून स्वतःहून बंद होते आणि गार व्हायला पंधरा-वीस मिनिटं, मे महिन्यात त्याहूनही जास्त घेते. नवीन मोटर ‘गेली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे बरंच असतं: मिस्त्री लिमिट लावताना ती दहा वेळा वर-खाली करतो आणि ती थांबते. वाट बघायची, बस.

शटरची खालची पट्टी आणि बाजूच्या खोबणीतला तळाचा हातभर भाग सगळ्यात आधी गंजतो. तिथे जोर वाढला की मोटरची साखळी ताणते.

एसी २३० व्होल्ट घ्यावी की डीसी २४ व्होल्ट?

रोज वापरात असलेल्या घराला डीसी. हळू सुरू होते, हळू थांबते, अडथळा लागला की करंट वाढल्याचं लगेच ओळखते आणि लाइट गेली तरी बॅटरीवर चालते.

एसी मोटरला व्होल्टेज पडलेलं चालत नाही. तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० मिळाले तर ताकद जेमतेम ६१ टक्के उरते. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि पंखे चालू असताना गेट गुरगुरतं आणि हलत नाही, पहाटे मात्र व्यवस्थित चालतं, असं असेल तर मोटरला दोष देण्याआधी मीटर लावून बघा. दुसरी गोष्ट कपॅसिटर. उन्हातल्या पेटीत तो हळूहळू क्षमता गमावतो. लक्षणं तीच, गुरगुर आणि हाताने ढकलल्यावर सुरू होणं. भाग स्वस्त आहे, पण जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा हवा. काढण्याआधी मेन बंद करून तो डिस्चार्ज करून घ्या.

एसीची बाजूही आहे: बोर्ड साधा असतो, दुरुस्ती तालुक्याच्या गावात होते. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घराला ती बरी पडते.

आयपी रेटिंग किती असावं?

उघड्यावरच्या मोटरला आयपी ५४ किमान, ५५ असेल तर उत्तम. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा: ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी, ५ म्हणजे नळीचा फवारा. आयपी ४४ फक्त पोर्चखाली. पण लक्षात घ्या, ही चाचणी गोड्या पाण्याची आणि थोड्या वेळाची असते. आत जमणारी वाफ आणि मीठ यांबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. त्यामुळे आयपी ६५ चा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका.

आणखी एक चूक सर्रास होते. पहिल्या पावसानंतर मिस्त्री सगळीकडे सिलिकॉन भरून टाकतो, तळाचं पाणी निघायचं भोकसुद्धा. मग आत आलेली वाफ आतच राहते. वरची आणि बाजूची फट बंद करा, वायर येते त्या पाइपचं तोंड बंद करा, खालचं भोक मोकळं ठेवा. त्या भोकाला बारीक स्टेनलेस जाळी लावली तर कुंभारमाशी मातीचं घर करत नाही.

विकणाऱ्याला नेमकं काय विचारायचं?

बोर्डला कन्फॉर्मल कोटिंग आहे का, हे पहिलं. बोर्ड तिरका धरून उजेडात बघा. पातळ वार्निशसारखा थर दिसतो. नसेल तर अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा स्प्रे मिळतो, पण कनेक्टर, रिले, डिप स्विच आणि फिरवायचे प्रीसेट चिकटपट्टीने झाकूनच मारावा लागतो, आणि वॉरंटी जाऊ शकते. ते आधी विचारून घ्या.

मग लिमिट स्विच कोणता? स्प्रिंगच्या दांडीचा असेल तर दांडी गंजून एका बाजूला अडकते आणि गेट शेवटी न थांबता धडकतं. किनाऱ्यावर चुंबकाचा घ्या. त्यात बाहेर हलणारा भाग नसतो, रॅकवर दोन चुंबक असतात इतकंच.

स्क्रू आणि बोल्ट कसले आहेत? समुद्र दिसतो अशा घराला स्टेनलेस ३०४ वरही तांबूस डाग पडतात, तिथे ३१६ मागा. साधा झिंकचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत बसवला तर खाऱ्या ओलाव्यात दोन्ही एकमेकांना खातात. तिसऱ्या वर्षी झाकण उघडायला ड्रिल लागतं. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ किंवा निदान ग्रीस लावून घ्या.

आणि सुटा बोर्ड किती दिवसांत मिळतो? जुलैत बोर्ड गेला आणि तो मुंबईहून यायला महिना लागला, तर रेटिंग काय कामाचं?

मोटरचा ओटा कसा बांधावा? चिऱ्याच्या खांबाला ब्रॅकेट चालेल का?

सरकत्या गेटच्या मोटरला साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचा, जमिनीत ४० सेंटिमीटर खोल काँक्रीटचा ओटा, आणि तो जमिनीच्या वर किमान १५ सेंटिमीटर. अंगणात पाणी तुंबत असेल तर गेल्या मोठ्या पावसाची खूण बघून त्याच्या वर. पन्हाळीखाली किंवा पागोळ्यांच्या रेषेत ओटा नको. मोटर धरणारे अँकर बोल्ट काँक्रीट ओतताना आतच बसवा. पॉवरचा आणि सेन्सरचा असे दोन वेगळे पाइप सोडा.

चिऱ्यात अँकर फास्टनर ठोकू नका. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. फास्टनर फुलतो, दगड भुगा होतो आणि सहा महिन्यांत ब्रॅकेट हलायला लागतो. झडपांच्या गेटचा खांब आरसीसीचा हवा. जुना चिऱ्याचाच असेल तर खांबाच्या आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी द्या. ती गरम गॅल्व्हनाइज केलेली असावी, नुसता रंग मारलेली नको.

रॅक नायलॉनचा की लोखंडी? ग्रीस किती लावायचं?

दोनशे-तीनशे किलोपर्यंत, आत लोखंडी गाभा असलेला नायलॉनचा रॅक चांगला चालतो. गंजत नाही, आवाज कमी. त्याच्यावर जड असेल तर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी. दोन्हींत रॅक आणि मोटरचं दातेरी चाक यांच्यात १ ते २ मिमी फट हवी. फट नसेल तर गेटचं वजन मोटरच्या शाफ्टवर येतं आणि बेअरिंग जातं. चाकं झिजली की गेट खाली बसतं, म्हणून वर्षाला एकदा फट तपासा.

ग्रीस रॅकला अजिबात नाही. तांबडी माती त्यात चिकटते आणि दात घासले जातात. खालच्या पट्टीलाही नाही. ग्रीस लागतं बिजागऱ्यांना, चाकांच्या बेअरिंगला आणि हाताने सोडायच्या कुलपाला (ते चावीने फिरवलं की मोटर सुटी होते आणि गेट हाताने ढकलता येतं). गंज सोडवायचा स्प्रे वंगण नव्हे. तो उडून जातो आणि जुनं वंगणही धुऊन नेतो.

वायरिंग आणि अर्थिंगचं काय?

स्वतंत्र ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). २३० व्होल्टला तीन कोअरची १.५ चौरस मिमी तांब्याची वायर, अंतर ४० मीटरच्या पुढे असेल तर २.५. डीसी मोटरची पॉवर सप्लाय आणि बॅटरी घरात ठेवून २४ व्होल्ट लांब नेण्याचा मोह टाळा. ३० मीटरवर १.५ च्या वायरीतून ५ अँपिअर नेले तर साडेतीन व्होल्टच्या वर वाटेतच जातात आणि गेट रडतखडत चालतं.

बोर्ड जाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे वळवाच्या आणि परतीच्या पावसातली वीज. मीटरच्या बोर्डात सर्ज प्रोटेक्शन बसवा, पण अर्थिंग धड नसेल तर ते शोभेचं. जांभ्यातून पाणी झपाट्याने निचरतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये चांगलं मोजलं गेलेलं अर्थिंग मेमध्ये नावापुरतंच उरतं. ते उन्हाळ्यात मोजून घ्या. गडगडाट सुरू झाला की एमसीबी खाली करा. व्हिडिओ डोअरफोनची वायर गेटपर्यंत जात असेल तर तीही काढा.

बॅटरी किती वर्षं टिकते?

बहुतेक डीसी मोटरींत १२ व्होल्टच्या दोन बंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यांचं आयुष्य २५ अंश तापमानाला धरलेलं असतं, आणि ढोबळ हिशेबाने दर १० अंशांमागे ते निम्मं होतं. पाच वर्षं लिहिलेली बॅटरी उन्हातल्या पेटीत दोन-अडीच वर्षं चालली तर समाधान माना. दोन्ही एकदम बदला. एक जुनी, एक नवी जोडली तर जुनी नवीला घेऊन बुडते.

आणि बॅटरी म्हणजे काही तासांची सोय. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तेव्हा उपयोगी पडतं ते हाताने सोडायचं कुलूप.

पावसात गेट अर्ध्यावर थांबतं किंवा उलटं फिरतं. काय बघावं?

या क्रमाने: आधी फोटो सेन्सर, म्हणजे वाटेत काही आलं तर गेट थांबवणारे समोरासमोरचे दोन डोळे, एक किरण सोडणारा ट्रान्समीटर आणि एक तो घेणारा रिसीव्हर. जमिनीपासून ५० सेंटिमीटरवरच्या त्या डोळ्यांवर कोळ्याचं जाळं, शेवाळाचा पातळ थर किंवा आतून धुकं असतं. मऊ फडक्याने पुसा. आत धुकं असेल तर मागच्या बाजूने पाणी शिरतंय. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच त्रास होत असेल तर रिसीव्हरचं तोंड पश्चिमेला आहे आणि मावळतीचं ऊन थेट त्यात जातंय. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर यांची अदलाबदल करा.

मग पट्टी. खडी, माती, नारळीच्या झावळीचा तुकडा. मग गेट मोकळं करून हाताने ढकला. जड लागलं तर दोष गेटचा. फणसाच्या किंवा सागाच्या फळ्या मारलेलं गेट पावसात फुगतं आणि खांबाला घासतं. अशा वेळी बरेच जण मोटरचा जोर वाढवतात आणि दिवाळीला तो परत कमी करायचं विसरतात. त्यापेक्षा मेमध्ये कडेला १०-१२ मिमी जागा सोडून घ्या.

हे सगळं ठीक असेल तर झाकण उघडा. रिलेच्या आसपास मुंग्या, बोर्डवर पाल, कनेक्टरवर हिरवट पूड. मेन बंद, बॅटरीची वायर काढा, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या बोर्डला वीज देऊन ‘बघू चालतं का’ करणं सगळ्यात महाग पडतं.

रिमोट जवळ गेल्याशिवाय चालत नाही.

सेल, आणि सेलखालच्या पत्तीवरचा गंज. खोडरबराने घासा. तरीही नसेल तर गेटजवळ नुकताच लावलेला स्वस्त एलईडी दिवा बंद करून बघा, काहींच्या ड्रायव्हरमुळे ४३३ मेगाहर्ट्झवर गोंगाट होतो. नवीन घेताना रोलिंग कोडचाच, म्हणजे दर वेळी कोड बदलणारा घ्या. ठरावीक कोडची नक्कल चावी बनवणारासुद्धा करून देतो.

घर बंद असतं, गणपतीला आणि शिमग्याला येतो. मोटर घ्यावी का?

गावात रोज फेरी मारणारं कुणी नसेल तर घेऊ नका. चांगल्या चाकांचं सरकतं गेट हाताने एका बोटावर चालतं.

घ्यायचीच तर एसी. डीसी असेल तर जाताना मेन बंद करून बॅटरीची वायरही काढा. नाहीतर बोर्ड हळूहळू बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पितो आणि ती पुन्हा चार्ज धरत नाही. आल्यावर रिमोट दाबण्याआधी झाकण काढा, तासभर ऊन किंवा पंख्याचा वारा द्या, किडे-मुंग्या झाडा, गेट हाताने दोनदा पूर्ण चालवा, मग वीज द्या. शेजारी विश्वासाचे असतील तर मेन चालू ठेवून आठवड्याला एकदा गेट चालवलेलं बरं. ट्रान्सफॉर्मरच्या ऊबेने पेटी कोरडी राहते. फक्त गडगडाटात मेन बंद करायला त्यांना सांगून ठेवा.

आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) कामांत मोटरचं काय करायचं?

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावं. खालची पट्टी आणि तिच्या बाजूचं गटार उपसा. हातकाट्याने ओढ मोजून झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला येते. झाकणाचं रबर चेपलं असेल तर बदला. वायरच्या पाइपचं तोंड फोमने बंद करा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. लाइट बंद करून बॅटरीवर गेट तीनदा उघड-बंद करा, तिसऱ्यांदा रेंगाळलं तर बॅटरी बदलायची. आणि हाताने सोडायचं कुलूप चावीने फिरवून बघा. वर्षभर न फिरवलेलं कुलूप गरजेच्या दिवशी फिरत नाही.

ती चावी कुठे ठेवायची?

घराच्या आत नाही. सरकत्या गेटची मोटर कुंपणाच्या आतल्या बाजूला असते, म्हणून लाइट नसताना आणि बॅटरी संपलेली असताना तुम्ही रस्त्यावर असाल, तर चावी खिशात असूनही हात पोहोचत नाही. शेजारी माणसांसाठी छोटं दार ठेवा आणि त्याचं कुलूप साधं, विजेशिवाय उघडणारं घ्या. सोडायची चावी गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात आणि दुसरी शेजाऱ्यांकडे.